नवीन ग्राफिक्स कार्ड बंद पडतंय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग आणि अल्बम डिझाइन या धंद्याचं भांडवल मोजलं. कॅमेरा, लेन्स, लाइट यांवर बोलता बोलता कॉम्प्युटरचा विषय मी घाईत उरकला. पैसे बुडतात ते मात्र तिथेच. म्हणून हा लेख. कागद-पेन घेऊन बसा, थोडी बेरीज आहे.

आपल्या मंगळवेढ्यातलाच एक तरुण, आपल्या बॅचचा. ऐन लगीनसराईत त्याने आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. अल्बमचं काम मस्त चाललं. पण लग्नाची फिल्म एक्सपोर्टला लावली की दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं, ड्रायव्हर बदलून झाले. शेवटी कार्ड खराब आहे असं ठरवून ते परत पाठवायला खोक्यात भरलं, आणि मग मला फोन केला. तोवर सहा दिवस गेले होते. पाहुण्यांकडून रोज विचारणा, आणि उरलेलं पेमेंट फिल्म हातात पडल्यावरच.

मी पहिला प्रश्न विचारला, "बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?"

"सर, लाइट गेल्यासारखा. पंखेसुद्धा थांबतात."

या एका उत्तरात अर्धं निदान झालं. पंखेसकट सगळं एका क्षणात बंद होत असेल, तर संशय आधी वीजपुरवठ्यावर घ्यायचा. निळी स्क्रीन येते, चित्र गोठतं, स्क्रीनवर रंगीत ठिपके-पट्टे दिसतात, तेव्हा ड्रायव्हर, रॅम किंवा खुद्द कार्ड तपासायचं. आणि पंखे फिरतायत पण पडदा पहिल्यापासूनच काळा असेल, तर घाबरण्याआधी मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डच्या जागेत खोचलेली असते, कार्डाच्या नाही! हसू नका, ही चूक मी स्वतः केलीय. त्यानंतर कार्ड स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत बसलंय का आणि त्याला वरून वीज देणारी केबल लावलीय का, ते बघायचं. ड्रायव्हर बदलायचा असेल तर जुना पूर्ण काढून मगच नवा टाका.

मग त्याला एक युक्ती करायला लावली. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पॉवर लिमिट नावाची पट्टी असते, ती ६५ टक्क्यांवर आणायला सांगितली. कार्ड कमी वीज खातं, काम हळू होतं. त्या रात्री फिल्म पूर्ण एक्सपोर्ट झाली. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये पूर्ण ताकदीने चालवलं, तिथेही चाललं. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. (ही युक्ती निदानापुरती. इलाज म्हणून कायम ठेवलीत तर कार्डाचे पैसे दिले कशाला?)

आता त्याचा एसएमपीएस. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. पण बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जेवतात ते याच १२ व्होल्टच्या ताटात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर दाखवून मोठा आकडा छापलेला.

मागणी किती होती? आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. त्याचा प्रोसेसर आय-५ १२४००, जोरात पळताना ११७ वॅटपर्यंत जातो. दोन्ही मिळून २८७. मदरबोर्ड, हार्ड डिस्क, पंखे यांचे साधारण ५० धरा, झाले ३३७. शिवाय कार्ड क्षणभर उसळी मारून ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढतं. म्हणूनच या कार्डासाठी कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. फोटोशॉपमध्ये अल्बम करताना कार्ड जवळपास आरामात असतं, म्हणून तिथे काही कळलं नाही. एक्सपोर्टला जोर लागला आणि डब्याने हात वर केले.

आपल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय मानांकन आहे. आपल्याकडचा माणूस ज्वारी घेताना पोत्यावरची छपाई वाचतो का? मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली फोडून बघतो, मग भाव बोलतो. एसएमपीएस घेतानाही तेच करायचं. तिथला दाणा म्हणजे १२ व्होल्टचे अँपिअर. चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर १२ व्होल्टला ४० ते ४५ अँपिअर दिसतात.

दुसरी गोष्ट केबलची. त्याच्या जुन्या डब्याला कार्डासाठीची ८ पिनची केबलच नव्हती, म्हणून बसवणाऱ्याने जोडकेबल लावून दिली. ती दिसली की सावध व्हा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या केबलमधून १५०. आणि साटा केबलचं टोक १२ व्होल्टवर फक्त ५४ वॅटसाठी असतं. त्यातून १५० ओढायला गेलात तर प्लास्टिक वितळतं. प्रोसेसरची ८ पिनची केबल दिसायला तशीच असली तरी कार्डाला लावायची नाही. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. आणि सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर एका कंपनीची केबल दुसरीच्या डब्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. त्यात हार्ड डिस्क जळते.

ही हार्ड डिस्कच मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. कार्ड पुन्हा विकत मिळेल. लग्नाचं शूटिंग पुन्हा होत नाही. या पठ्ठ्याने त्या लग्नाची मेमरी कार्डं पुढच्या ऑर्डरसाठी रिकामी करायला काढली होती, आणि फुटेजची एकमेव प्रत त्याच डगमगत्या डब्यावर चालणाऱ्या डिस्कमध्ये! फोनवर पहिलं ओरडलो ते यावरच. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हा नियम भिंतीवर लिहून लावा.

मग घ्यायचा कुठला? '८० प्लस' ब्रॉन्झ, गोल्ड ही पदकं बघून लोक खूश होतात. ते मानांकन सांगतं की वीज वाया किती कमी जाते. डबा टिकाऊ आहे, सुरक्षित आहे, असं ते सांगत नाही. २०२१ चं उदाहरण घ्या. गिगाबाइटच्या जीपी-पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या मॉडेलांवर गोल्डचं पदक होतं, तरी परीक्षकांच्या चाचण्यांत ते डबे धडाधड फुटले. कार्डांच्या तुटवड्यात अमेरिकेत ते कार्डासोबत जोडीने विकले गेले होते. शेवटी कंपनीने जादा लोडला बंद होण्याची मर्यादा खाली आणली आणि ठरावीक क्रमांकांचे डबे बदलून देऊ केले. म्हणून नाव आणि पदक यांवर न थांबता त्या नेमक्या मॉडेलची, डबा उघडून, लोड देऊन केलेली चाचणी शोधा. जादा करंट, जादा व्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि तापमान यांपासून संरक्षण आहे का ते बघा. पाच वर्षांची वॉरंटी असेल तर उत्तम. बिल पक्कं हवं, त्यावर सिरीयल नंबर हवा. जुना, वापरलेला कॅबिनेट एक वेळ घ्या. एसएमपीएस नवाच घ्या.

दुकानाचा बोर्डही बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. वायरमनला बोलवा. आणि यूपीएस? ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचाच असतो. वरच्या ३३७ मध्ये मॉनिटर मिळवा, संपला की तो. अशा कॉम्प्युटरला ६०० वॅटच्या आसपासचा लागतो. एक ताकीद: बंद पडलेला एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

त्या तरुणाने शेवटी ५५० वॅटचा ब्रॉन्झ घेतला, साडेचार हजारांच्या आसपास. आधी वाचवलेले तीन-साडेतीन हजार, आणि त्यापायी गेलेले सहा दिवस. त्या सहा दिवसांत दोन हळदी-साखरपुड्यांच्या ऑर्डर दुसऱ्याकडे गेल्या होत्या. त्याची वही मी बघितली. एसएमपीएसचा खर्च त्याने 'दुरुस्ती'त लिहिला होता. मी खोडून 'भांडवला'त लिहायला लावला.

गृहपाठ: आज कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा आणि एसएमपीएसच्या लेबलचा मोबाइलवर फोटो घ्या. १२ व्होल्टच्या रकान्यातल्या आकड्याला १२ ने गुणा आणि शेजारी तुमच्या कार्डाचे व प्रोसेसरचे वॅट लिहा. पुढच्या भागात हाच कागद घेऊन आपण मिक्सिंगचा तासाचा दर काढणार आहोत.