चार इंची भिंतीची खोली: मृगाच्या आधी ओल कशी थांबवायची



शेतातल्या खोलीत ज्यांनी सोयाबीनचं घरचं बियाणं किंवा भावासाठी तूर-हरभरा ठेवलाय, त्यांच्यासाठी आजचा मेसेज. थोडा मोठा आहे, पण मृगाला अजून पंधरा-वीस दिवस आहेत, तोवर वाचा.

आपल्या शेतातल्या खोल्या बहुतेक चार इंची, एकेरी विटेच्या. नऊ इंची भिंतीत शिरलेलं पाणी बऱ्याचदा मधेच अडतं आणि ऊन पडलं की वाळतं. चार इंचीत दरजेतून शिरलं की थेट आत. मी हे पैसे मोजून शिकलो. गेल्या वर्षी पश्चिमेच्या भिंतीला टेकवून सहा पोती बियाणं ठेवलं होतं. अवकाळीचे दोन तडाखे बसले. भिंत हाताला कोरडीच लागत होती. मे महिन्यात उगवण चाचणी घेतली, तर शंभरातले ४३ दाणे उगवले. किमान ७० तरी पाहिजेत. खोलीच्या मधोमध ठेवलेली पोती मात्र चांगली निघाली.

*आधी ओल कुठून येते ते बघा*
जमिनीपासून फूट-दीड फूट ओल असेल तर ती खालून किंवा पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी येते. भिंतीच्या मधे डाग असतील तर वाऱ्याचा पाऊस भिंतीतून आत येतोय. वरच्या कडेला असेल तर पत्रा बघा. कळत नसेल तर आतून भिंतीला दोन फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. कागदामागे भिंतीकडून पाणी साचलं तर ओल भिंतीतली. खोलीच्या बाजूने साचलं तर ती हवेतली, तिथे प्लास्टर करून काही फायदा नाही.

*पत्रा आणि जोतं*
पश्चिम आणि नैऋत्येला पत्रा भिंतीच्या बाहेर निदान दीड फूट हवा. कमी असेल तर जोड पत्रा मारा. हुकाचे वायसर कडक झाले असतील तर बदला, आणि भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाडा, खाचेत नको. भिंतीला लागून असलेली माती, शेणखत, कडबा, सरपण सगळं हलवा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा खाली पाहिजे. भिंतीभोवती तीन फूट मुरूम धुम्मस करून बाहेरच्या बाजूला उतार द्या, फुटाला एक इंच. पागोळ्या पडतात तिथे खडी टाका.

*प्लास्टर बाहेरून*
पुष्कळजण आतून गिलावा करतात, कारण पोपडे आत दिसतात. पाणी भिंतीतच राहतं, खार फुटतो आणि दोन वर्षांत गिलावा सुटतो. करायचाच तर बाहेरून करा. दरजा अर्धा इंच खरवडा, भिंत भिजवा, एकास चार माल, त्यात वॉटरप्रूफ पावडर, दोन हातांत मिळून पाऊण इंच जाडी. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. मे महिन्याच्या उन्हात गोणपाट ओले करून टांगा, नाहीतर बारीक तडे जातात आणि केलेला खर्च वाया.

एवढा खर्च यंदा जमत नसेल तर जुन्या लोकांची युक्ती करा. पश्चिमेच्या भिंतीबाहेर दोन-तीन इंच अंतर सोडून तुराट्यांचा कूड किंवा जुने पत्रे उभे करा. पाऊस त्याच्यावरच अडतो, मागून हवा खेळते. खरं सांगायचं तर एकेरी भिंतीला महागड्या रंगापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

*पोती*
भिंतीपासून दीड फूट लांब, लाकडी फळ्यांवर. माल १२ टक्के ओलाव्याच्या आत असेल तरच थप्पी लावा. पूर्ण प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. खिडकी कोरड्या उन्हाच्या दिवशी उघडा, पावसाळी हवेत बंद ठेवा.

घरच्या बियाण्याची शंभर दाण्यांची उगवण चाचणी या आठवड्यातच घ्या. कमी आली तर बियाण्याची सोय करायला अजून वेळ आहे. खोलीचा आतून आणि बाहेरून एकेक फोटो याच नंबरवर पाठवा, ओल कुठे आहे तेही लिहा.