राक्षस झालेला शास्त्रज्ञ आणि परळचे डॉ. हाफकिन



चौथी-पाचवीच्या मुलांना 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' असं एकदा सांगून बघा. विस्कटलेले केस, पांढरा कोट, धूर निघणारी बाटली, एवढं तर येतंच. पण बऱ्याच वह्यांमध्ये शेजारी दुसरी चौकटही येते. त्यात तोच माणूस हिरवा झालेला असतो, नखं वाढलेली, कोट फाटलेला. हल्क, पालीसारखा झालेला डॉक्टर, अर्धा माणूस अर्धा यंत्र. मुलांच्या डोक्यात शास्त्रज्ञ आणि राक्षस हे शेजारी शेजारीच राहतात.

एरवी हे हसून सोडून दिलं असतं. पण शाळेत लसीकरण असलं की हीच चित्रं बोलायला लागतात. "बाई, सुई टोचली की माणूस बदलतो का?" हा प्रश्न मुलाचा असतो, पण त्याच्यामागे घरच्या मोबाइलवर आलेला एखादा मेसेज असतो. २०१८ साली शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली. २०२२ च्या अखेरीस आपल्याच मुंबईत गोवराची साथ आली आणि लहान मुलं दगावली. म्हणून हा पाठ मी गंमत म्हणून घेत नाही. राक्षसापासून सुरुवात करते, कारण मुलं तिथेच उभी असतात.

पहिल्या तासाला फक्त गोष्टी. स्पायडरमॅनमधला डॉ. कॉनर्स मुलांना माहीत असतो. त्याला एक हात नसतो. पालीची शेपूट परत येते तसा आपला हात परत यावा म्हणून तो औषध तयार करतो, स्वतःला टोचून घेतो, हात येतो आणि मागोमाग खवलेही येतात. (इथे थांबून पालीविषयी जरूर बोला. चाळीत वाढलेल्या मुलाने तुटून वळवळणारी शेपूट पाहिलेली असते. नवीन शेपटीत पहिल्यासारखे मणके नसतात, कूर्चेची दांडी असते, हे सांगितलं की मुलं चाट पडतात.) मग इंग्रजीतल्या जुन्या गोष्टी. १८८६ चा डॉ. जेकिल, जो स्वतः केलेलं औषध पिऊन दुष्ट हाइड होतो. १८९७ चा एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस, ग्रिफिन. आणि आपल्या पंचतंत्रातले ते विद्वान मित्र, ज्यांनी वाटेत पडलेल्या हाडांचा सिंह जिवंत केला आणि त्यानेच त्यांना खाल्लं. चौथा मित्र, ज्याला सगळे अडाणी म्हणत होते, तो आधी झाडावर चढला म्हणून वाचला. भस्मासुराची आठवण मुलं स्वतःच काढतात, आपण काढावी लागत नाही.

गोष्टी झाल्या की मी एकच विचारते. हा माणूस राक्षस झाला तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?

वर्ग गप्प होतो, मग उत्तरं येतात. कोणीच नव्हतं. दाराला कडी होती. रात्र होती. ग्रिफिनने तर आपल्या वह्या सांकेतिक लिपीत लिहिल्या होत्या, कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून. त्याने आधी एका मांजरीवर प्रयोग केला होता, पण तो कोणाला सांगितला नाही. पंचतंत्रातल्या विद्वानांना सावध करणारा होता, त्याचं कोणी ऐकलं नाही. औषध हिरवं की निळं हे मुलांना पाठ असतं, पण कडीकडे कोणाचं लक्ष गेलेलं नसतं.

दुसरा तास मात्र आपल्या गिरणगावातला. अदृश्य माणूस विलायतेत छापून आला त्याच १८९७ सालात, भायखळ्याला एका माणसाने खरोखरच स्वतःला प्रयोगाची सुई टोचून घेतली होती. त्यांचं नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६०, गाव ओडेसा, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये. ज्यू कुटुंबातले. पॅरिसला पाश्चर संस्थेत काम केलं, तिथे कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये तीसुद्धा पहिल्यांदा स्वतःला टोचली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लाखो माणसं मुंबई सोडून गावी गेली. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून इकडे बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालं काय? एक खोली, एक बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर साधारण तीन महिन्यांत लस तयार झाली.

ती कशी केली हे मुलांना नीट सांगा, इथे त्यांचे डोळे मोठे होतात. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. वरून तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं साजूक तूप! तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढतात, छताला लागलेल्या कोळिष्टकासारखे. रस्सा बकऱ्याच्या मांसाचा केला, म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोघांनाही लस घ्यायला अडचण नको. भरपूर जंतू झाले की गरम करून मारायचे. लशीत होते ते हे मेलेले जंतू. शरीर त्यांना ओळखून ठेवतं आणि जिवंत जंतू आला तर तयार असतं. मी मुलांना सांगते, वर्गात नवीन आलेल्या मुलाचा फोटो आधीच दाखवल्यासारखं.

आधी सशांवर पाहिलं. मग १० जानेवारी १८९७ या दिवशी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. खोकल्याच्या औषधाचे दोन छोटे चमचे भरतील एवढी. कॉलेजचे प्राचार्य साक्षीला होते. ताप आला, दुखलं, काही दिवसांनी बरे झाले. खवले आले नाहीत. मुलं इथे थोडी नाराज होतात, ते चालेल.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. दोन्ही गट एकाच तुरुंगात, एकच अन्न, एकच हवा. लस न घेतलेल्यांत आजारी पडणारे आणि मरणारे जास्त निघाले. गणिताचा तास इथेच जोडता येतो. नुसतं 'लस घेतली आणि वाचला' म्हणून चालत नाही, न घेतलेल्यांचं काय झालं हेही मोजावं लागतं.

एका मुलीने विचारलं होतं, "कैद्यांना नाही म्हणता येत होतं का?" हा प्रश्न दाबू नका. ते स्वखुशीने तयार झाले अशी नोंद आहे, पण तुरुंगात बंद असलेल्या माणसाची खुशी कितपत खरी, हा मोठ्यांनाही पडणारा प्रश्न आहे. आज कैद्यांवर प्रयोग करायचा तर फार कडक नियम आहेत. हाफकिन चांगले होते म्हणून सगळंच बरोबर होतं असं मुलांना शिकवू नये, असं मला वाटतं.

बाहेर शहरात तेव्हा काय चाललं होतं तेही सांगते. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर. दवाखान्यात माणसं मारून त्यांची मोमियाई काढतात अशी अफवा होती. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, असंही बोललं जाई. पण त्या लोकांना अडाणी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. घरात शिपाई घुसून आजारी माणसाला उचलून नेत होते, नातेवाइकांना भेटू देत नव्हते. दार बंद असलं की बाहेरचा माणूस आत राक्षस कल्पितो. उलट आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, हाफकिन यांना जागाही दिली, आणि मग त्यांच्या जमातीतले पुष्कळ जण पुढे आले.

सावित्रीबाई इथे आणायला विसरू नका. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या ती तारीख १० मार्च १८९७. हाफकिन यांनी सुई टोचून घेतल्याला बरोबर दोन महिने झाले होते. फळ्यावर दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या की मला फार बोलावं लागत नाही.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्रयोगशाळा गेली. तीच आजची हाफकिन संस्था, केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या शेजारची. आमच्या वर्गातली निम्मी मुलं तिच्या भिंतीवरून रोज जातात.

आता राक्षसाकडे परत. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढे चौकशीत दिसलं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. खिळा लागल्यावर आपण इंजेक्शन का घेतो, हे मुलांना तिथल्या तिथे उमगतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण परळची खुर्ची परत मिळाली नाही. ते कलकत्त्याला गेले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं, १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडला वारले.

म्हणजे त्यांना राक्षस केलं ते लशीने नव्हे. हे वाक्य मी सांगत नाही, मुलांकडून येईपर्यंत थांबते. एखाद्या वर्षी येतच नाही.

तिसऱ्या तासाला लेखन. राक्षसाची कोणतीही गोष्ट घ्यायची आणि दाराची कडी काढून पुन्हा लिहायची. आत मित्र येतो, आई येते, सशावरचा निकाल कोणीतरी विचारतो. बहुतेक गोष्टी सात-आठ ओळींत संपतात. "बाई, मग तर गोष्टच होत नाही," अशी तक्रार दरवर्षी असते. मी त्याला पूर्ण गुण देते.

पालकांसाठी एक. हा पाठ झाल्यानंतरच्या लसीकरणाच्या वेळी एका संमतीपत्रावर सहीऐवजी मागच्या बाजूला प्रश्न आले होते: ही आधी कोणाला दिली, किती जणांना त्रास झाला, न घेतलेल्यांना काय होतं. अक्षर मुलाचं, शब्द वडिलांचे. मी ते पत्र आरोग्य सेविकेकडे दिलं. दोन उत्तरं तिने लगेच लिहिली, तिसऱ्यासाठी डॉक्टरांना फोन लावला.