पेपरमिंटला मोकळं सोडू नकोस

पाकिटातलं बी आणू नकोस गं. वर पेपरमिंट लिहिलेलं असलं तरी नको. खरं पेपरमिंट म्हणजे पाणपुदिना आणि आपला चटणीचा पुदिना यांचा संकर. फुलतं, पण रुजेल असं बी धरत नाही. नर्सरीत जा आणि पान चावून बघ. श्वास आत ओढल्यावर घशापर्यंत गार वाटलं पाहिजे. चटणीच्या पुदिन्याचं पान काडीला जवळजवळ चिकटलेलं असतं, याच्या पानाला बारीक देठ असतो. काडीही बहुधा जांभळट.

एक रोप मिळालं की पुरे. चार बोटं लांब शेंडा कापायचा, खालची पानं काढून पेरं बुडेल इतक्या पाण्यात ठेवायचा. पाणी बदलत राहिलीस तर आठ-दहा दिवसांत मुळ्या दिसतात.

लावायचं मात्र पसरट कुंडीतच. वाफ्यात लावलंस की जमिनीखालून धावत शेजारच्या कोथिंबिरीत शिरलंच म्हणून समज. मग उपटत बस, राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं. सकाळचं ऊन द्यायचं, मे महिन्यात दुपारची सावली. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून टाक, मुळं कुजतात. वर्षातून एकदा गड्डा उपसून कडेचे कोवळे फुटवे नव्या मातीत लाव, मधला जून भाग फेकून दे. पानामागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. मातीलगत छाटायचं आणि छाटलेलं खतात टाकायचं नाही.

कळ्या दिसू लागल्या की कापणी करायची, तेव्हा पानात तेल भरपूर असतं. चटणीत घालू नकोस, टूथपेस्ट खाल्ल्यासारखं लागतं. (तुझ्या आत्याला आवडतं, तो भाग वेगळा.) ताकात, पन्ह्यात दोन पानं पुरतात. चहाला पानं उकळायची नाहीत. कढत पाणी ओतून सात-आठ मिनिटं झाकून ठेव, नाहीतर सगळा गारवा वाफेबरोबर जातो.

पित्ताने छातीत जळजळणाऱ्याला मात्र देऊ नकोस. याने अन्ननलिकेच्या तळची झडप सैल पडते आणि आंबट आणखी वर येतं. आणि सर्दी झाली म्हणून तान्ह्या बाळाच्या नाकाशी याचं तेल, बाम काहीही न्यायचं नाही, कुणी कितीही सांगो. श्वास अडकू शकतो.

उरलेली पानं सावलीत वाळव. बरणीत अख्खीच भर, चुरा ऐन वेळी करायचा.