अंतराळविज्ञान संशोधनासाठी शासकीय अनुदान : अर्ज आणि उत्तरदायित्व

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून पहिले अग्निबाण-उड्डाण झाले. भारताच्या अंतराळ संशोधनाचा हा आरंभ होय. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जवळून जात असल्याने थुंब्याची निवड झाली होती. वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युत्प्रवाहांचा अभ्यास तेथे सुलभ होता. या राष्ट्रीय उपक्रमाचा पाया असा एका निश्चित वैज्ञानिक प्रश्नावर घातला गेला. अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने व संस्थेने ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

भारतीय अंतराळ संशोधन संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली व १९७२ मध्ये केंद्र शासनाचा स्वतंत्र अंतराळ विभाग अस्तित्वात आला. हे कार्य केवळ शासकीय प्रयोगशाळांपुरते मर्यादित राहू नये, विद्यापीठे व महाविद्यालये यांनाही त्यात वाटा मिळावा, या हेतूने १९७० च्या दशकात 'रिस्पॉन्ड' ही पुरस्कृत संशोधन योजना सुरू करण्यात आली. अंतराळविज्ञान, अंतराळ तंत्रज्ञान आणि त्याचे व्यावहारिक उपयोग या तिन्ही क्षेत्रांतील प्रकल्पांना तीतून साहाय्य मिळते. संस्थेला ज्या विषयांवर संशोधन हवे असते, त्यांच्या सूच्याही प्रसिद्ध करण्यात आल्या आहेत. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ येथे या कार्यासाठी अंतराळ तंत्रज्ञान कक्ष आहेत. मूलभूत विज्ञानाच्या इतर प्रकल्पांसाठी २०२३ च्या कायद्यान्वये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले असून, पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले आहे.

प्रश्न नेमका हवा

अर्जाचा प्राण म्हणजे त्यातील प्रश्न. 'सूर्याचा पृथ्वीवरील परिणाम अभ्यासणे' हा विषय झाला. तो प्रश्न नव्हे. मे २०२४ मध्ये पृथ्वीवर तीव्र भूचुंबकीय वादळ आले. 'या वादळात महाराष्ट्रावरील आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची संख्या किती बदलली व ती पूर्ववत होण्यास किती काळ लागला?' हा मात्र प्रश्न होय. त्याला मोजमाप आहे, कालमर्यादा आहे आणि त्याचे उत्तर तपासून पाहता येते. शिवाय त्याचा लोकजीवनाशीही संबंध आहे. कारण उपग्रहांकडून येणारे दिशादर्शक संदेश आयनांबरातूनच येतात आणि तेथील बदलांमुळे स्थाननिश्चितीत चूक होऊ शकते. जमिनीची मोजणी असो वा मच्छीमारी नौकेचे मार्गदर्शन, ही चूक कोठेतरी कोणाला तरी भोवतेच.

उपलब्ध सामग्रीचा विचार आधी

यानंतर हाताशी काय आहे, याचा हिशेब मांडावा. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविण्यात आली. तेथे १९०४ पासून नोंदी घेतल्या जात आहेत. शंभराहून अधिक वर्षांचा हा ठेवा महाराष्ट्राच्या भूमीवरच आहे. २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेला 'ॲस्ट्रोसॅट' आणि २०२३ मधील 'आदित्य-एल१' यांची निरीक्षणेही ठरावीक काळानंतर अभ्यासकांना खुली होतात. 'आदित्य' वरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. तात्पर्य, तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाला लाखोंचे यंत्र मागण्यापूर्वी उपलब्ध नोंदींवर प्राथमिक काम करून दाखविता येते. असे काम अर्जासोबत असले, म्हणजे परीक्षकांना अर्जदाराच्या क्षमतेविषयी निराळी ग्वाही लागत नाही.

अंदाजपत्रक व संस्थेची जबाबदारी

अंदाजपत्रकातील प्रत्येक रक्कम प्रश्नापासून निघालेली असावी. संशोधन सहायक कोणत्या कामासाठी, यंत्र कोणत्या मोजमापासाठी, प्रवास कोठे व कशासाठी, हे लिहावे. आवर्ती व अनावर्ती खर्च वेगळे दाखवावेत आणि कामाचे वर्षवार टप्पे त्यांच्याशी जुळवावेत. रक्कम वाढवून मागितल्यास कपात सोसते, हा समज घातक होय. त्यामुळे संपूर्ण अर्जावरील विश्वासच ढळतो.

अर्ज शिक्षक लिहितो. परंतु अनुदान संस्थेच्या नावे येते. म्हणून प्राचार्यांची स्वाक्षरी ही केवळ औपचारिकता मानता येत नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर करावे लागते, अनुदानावर मिळालेले व्याज शासनाकडे भरावे लागते आणि अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. प्रमाणपत्र रखडले की पुढील हप्ता रखडतो, हप्ता रखडला की संशोधन सहायकाचे मानधन थांबते आणि वेधांची मालिका मध्येच तुटते. वादळाची रात्र एकदा निघून गेली की ती पुन्हा मोजता येत नाही. लेखाशाखेतील विलंबाची किंमत अशी विज्ञानाला मोजावी लागते.

नेटाने काम केल्यास काय साधते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला अवकाशात गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हेच 'प्रथम'चे उद्दिष्ट होते.

शासनाचे अनुदान हा सार्वजनिक पैसा आहे. नेमका प्रश्न, प्रामाणिक अंदाजपत्रक आणि वेळच्या वेळी दिलेला हिशेब या तीन गोष्टी सांभाळणाऱ्या संस्थेला, ती राजधानीत असो वा तालुक्याच्या गावी, या संशोधनात मानाने सहभागी होता येईल.