धान्यसंग्रह : दुष्काळनिवारणाचें पहिलें अंग
(नाशिक जिल्ह्यांतील व्यापारी, बागाइतदार व उदार दाते यांच्या विचारार्थ)

दुष्काळ पडल्यावर भुकेल्यास धान्य देणें हें दयेचें काम आहे, आणि त्या कामीं आपला समाज सहसा मागें राहिलेला नाहीं. परंतु दुष्काळ येण्यापूर्वीं धान्य राखून ठेवणें हें जें दूरदृष्टीचें काम, त्याकडे आपलें लक्ष अद्याप पुरेसें गेलेलें नाहीं. जमाखर्चाच्या तक्त्याबरोबर हा लेख छापण्याचा हेतु एवढाच कीं, दात्यांनीं दिलेला पैसा एका हंगामांत खाऊन संपूं नये. त्याचें रूप असें व्हावें कीं तो पुढील अनेक वर्षें उपयोगी पडेल.

१. पूर्वानुभव

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रांत लहानथोरांस ठाऊक आहे. दुष्काळांत त्यांनीं बेदरच्या बादशहाचीं कोठारें भुकेल्यांस मोकळीं केलीं, असें परंपरा सांगते. कीर्तनकार त्यांच्या औदार्याचें व विठ्ठलाच्या कृपेचें वर्णन करितात, तें यथायोग्यच आहे. परंतु व्यवहारदृष्ट्या त्या कथेंत आणखीही एक बोध आहे. मंगळवेढ्याचीं कोठारें भरलेलीं होतीं, म्हणूनच तीं मोकळीं करितां आलीं. तीं रिकामीं असतीं, तर दामाजीपंतांपाशीं देण्यास अश्रूंवांचून काय राहिलें असतें?

दुसरा बोध १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचा. त्या वेळीं आगगाडी होती, बाजारही चालू होता. पण ज्याच्या गांठीं पैसा नव्हता, त्याला बाजारांतलें धान्य नुसतें दिसून उपयोग नव्हता. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खालीं आणली गेली, तेव्हां हजारों मजूर कामें सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची कैफियत सरकारपुढें मांडली. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं खुला झाला आणि येवल्याच्या बाजूस धान्य आणण्याची सोय वाढली. तथापि गाडीनें धान्य स्टेशनांत येतें, चुलीपर्यंत येत नाहीं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळासारखीं उदाहरणें तपासून अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालीं हेंच सिद्धान्तरूपानें मांडलें : धान्य देशांत असणें ही एक गोष्ट, आणि गरिबाचा त्यावर हक्क चालणें ही निराळी गोष्ट.

तिसरा अनुभव १९७२-७३ चा असून तो पाहिलेलीं माणसें आपल्यांत आहेत. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. खडी फोडणाऱ्या हातांना मजुरी मिळाली, आणि त्या अनुभवांतून पुढें १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. ही मोठीच मजल होय. परंतु मजुरीचा पैसा घेऊन माणूस दुकानीं गेला तेव्हां तेथें त्याला समुद्रापलीकडून आलेला मिलो घ्यावा लागला. गांवचें धान्य गांवांत राहिलेलें नव्हतें.

२. आपल्या जिल्ह्याची स्थिति

नाशिक जिल्ह्यावर दोन प्रकारचीं संकटें येतात. पश्चिमेस इगतपुरीस वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस सिन्नर, येवलें, नांदगांव या भागांत ५०० ते ६०० मिलिमीटरांवर समाधान मानावें लागतें, आणि तोही पुष्कळदां दगा देतो. मध्यें गोदावरी. १९६९, २००८, २०१६ व २०१९ या सालांचे पूर नाशिककरांच्या स्मरणांत आहेत. दुतोंड्या मारुतीस पाणी कोठवर लागलें, यावरून शहर पुराचें माप घेतें. सराफ बाजार व भांडी बाजार यांना तें माप दुकानांतच दिसतें. आणि खालीं निफाड तालुक्यांतील सायखेडें व चांदोरी येथें घरेंदारें पाण्यांत जातात.

याच जिल्ह्यांत मनमाड येथें भारतीय अन्न महामंडळाचें प्रचंड कोठार आहे. तरीही पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या घाटमाथ्याच्या तालुक्यांत आषाढ-श्रावणाचे दिवस ओढाताणीचे जातात. मागील पिकाची नागली संपलेली, नवी अद्याप शेतांत, पावसामुळें मजुरी तुटलेली, आणि दरड कोसळली तर रस्ताही बंद.

येथें साधा हिशेब मांडून पाहावा. माणशीं रोज ४०० ग्रॅम धान्य धरल्यास पांच माणसांच्या कुटुंबास महिन्यास ६० किलो लागतें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो, म्हणजे २५ किलो मिळतें. जानेवारी २०२३ पासून तें मोफत आहे, आणि ही व्यवस्था गरिबास मोठाच आधार आहे. अंत्योदय कुटुंबास ३५ किलो मिळतात. परंतु प्राधान्य कुटुंबाची ३५ किलोंची तूट राहतेच. पावसाळ्याच्या तीन महिन्यांची तूट १०५ किलो होते. तात्पर्य, कार्तिकांत एका कुटुंबामागें एक क्विंटल धान्य गांवांतच सुरक्षित राहिलें, तर श्रावणांत त्या घरास सावकाराच्या ओट्यावर जावें लागणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तें क्विंटलभर धान्य टिकवावें कसें व राखावें कोणीं?

३. पेव, कणगी व कोठी

आपले पूर्वज या विषयांत अडाणी नव्हते. पांढरीच्या कोरड्या जागेंत खोल पेव खणून, त्यास पेंढा-भुसकटाचें अस्तर देऊन, वर मातीनें तोंड बंद करीत. आंतील धान्याच्या व किड्यांच्या श्वासानेंच पेवांतील प्राणवायु संपत येतो, आणि कीड गुदमरून मरते. हल्लीं ज्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचें तत्त्व हेंच. पेव उघडल्यावर लगेच आंत उतरूं नये, ही जुनी ताकीदही त्याच कारणाची : आंतील विषारी हवेनें माणसाचा जीव जातो. म्हणून पेव बराच वेळ उघडें ठेवून, दिवा सोडून पाहावा. दिवा विझला तर उतरूं नये.

परंतु जें दुष्काळास योग्य तें पुरास योग्य असतेंच असें नाहीं. सांगलीजवळील हरिपूर येथें हळदीचीं पेवें पिढ्यानपिढ्या चालत आलीं होतीं. २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरांत पाणी आंत शिरून त्यांची मोठी हानि झाली. यावरून आपण हा नियम घ्यावा : साठवणीची पद्धति त्या त्या जागीं येणाऱ्या संकटास अनुसरून असावी. सिन्नर-येवल्याच्या कोरड्या, उंच पांढरींत पेव वा बळद चालेल. गोदाकांठीं मात्र गांवांतील वृद्धांस ठाऊक असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेवर जोतें असलेलें पक्कें कोठारच हवें. घाटमाथ्यावर हवाच ओली. तेथें बांबूची शेणामातीनें लिंपलेली कणगी घरापुरती ठीक, पण सामायिक संग्रहास जमिनीपासून उचललेली पत्र्याची कोठी व आंत हवाबंद पिशवी हीच योग्य.

४. ओलावा, कीड व उंदीर

लुधियाना येथील केंद्रीय संस्थेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें काढणीपासून साठवणीपर्यंत तृणधान्यांची नासाडी शेंकडा ४.६५ ते ५.९९, आणि कडधान्यांची शेंकडा ६.३६ ते ८.४१ होते. कडधान्यांच्या शंभर पोत्यांमागें सहा ते आठ पोतीं कोणाच्याही मुखीं न जातां नाहींशीं होतात. व्यापारी बंधूंनीं ही तूट आपल्या वहींत मांडून पाहावी.

सर्व बिघाडाचें मूळ ओलावा. गहूं, ज्वारी, बाजरी यांत तो शेंकडा १२ च्या वर नसावा. यंत्र नसल्यास कोरड्या बाटलींत थोडें सुकें मीठ व मूठभर धान्य घालून हालवावें. मीठ कांचेस चिकटलें तर धान्य पुन्हां उन्हांत टाकावें. ऊन दिलेलें धान्य निवल्याखेरीज पोत्यांत भरूं नये. पोतीं भुईवर न ठेवितां फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीं.

कडधान्यांतील भुंगेरा शेतांतूनच शेंगेवर अंडीं घालून घरांत येतो. म्हणून तूर, मूग, चवळी यांस साठविण्यापूर्वीं कडक ऊन द्यावें. डाळ करून ठेवल्यास हा उपद्रव कमी होतो. दाण्यास तेलाचा हात लावण्याची गृहिणींची रीतही गुणकारी आहे. विषारी धुरीच्या गोळ्या मात्र राहत्या घरांत कधींही वापरूं नयेत. त्यांचा वायु झोपलेल्या माणसांचे प्राण घेतो. तें काम प्रशिक्षित माणसानें, ओस गोदामांतच करावें. उंदरांसाठीं कोठीच्या पायांस पत्र्याची उलटी झालर बसवावी; हा खर्च एकदांच होतो.

पुरांत भिजलेलें धान्य कोरड्यांत मिसळणें हा अपराध समजावा. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल या जिल्ह्यांत पावसानें भिजून बुरसलेला मका गरीब आदिवासी कुटुंबांच्या खाण्यांत आला, आणि शंभरांवर माणसें दगावलीं. बुरशीचें विष शिजवून जात नाहीं. दान म्हणून असें धान्य कोणीं पाठवूं नये, व कोणीं स्वीकारूं नये.

सामायिक संग्रहास कोणतें धान्य घ्यावें, याचाही विचार हवा. नागलीचा दाणा बारीक असल्यानें तिला कीड फारशी लागत नाहीं, आणि ती वर्षानुवर्षें टिकते. घाटमाथ्यावर तीच पिकते व तीच रुचते. दात्यांनीं तेथें गहूं पाठविण्यापेक्षां तेथीलच नागली हंगामांत वाजवी भावानें विकत घेऊन तेथेंच ठेवावी. म्हणजे शेतकऱ्यास भाव, आणि गांवास बेगमी, अशीं दोन्हीं कामें होतील.

५. गांवची धान्य बँक व तिचे नियम

सरकारनें १९९६-९७ सालीं आदिवासी गांवांसाठीं ग्राम धान्य बँकेची योजना काढली होती. तिचें माप कुटुंबामागें एक क्विंटल असें होतें, आणि वरील हिशेब पाहतां तें माप योग्यच होतें. अशी बँक बुडते ती बहुधा दोन कारणांनीं : उचललेलें धान्य परत येत नाहीं, किंवा पडून राहिलेलें धान्य सडतें. दोन्हींवर उपाय नियमांत आहे, आणि येथें कायद्याच्या धंद्यांतील अनुभवाचा थोडा उपयोग होईल.

पहिला नियम : कोठाराच्या तीन किल्ल्या तीन हातीं असाव्या, त्यांपैकीं एक स्त्रीच्या हातीं, घरांतला शेवटचा दाणा कधीं संपला हें तीच जाणते. दुसरा : वही दरसाल ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली जावी. तिसरा : सावकाराच्या सवाई-दिढीसारखी वाढ घेऊं नये, तूट व घट भरून निघेल एवढेंच वरचें धान्य घ्यावें. चौथा : शिल्लक कितीही असो, दरसाल जुनें धान्य आधीं बाहेर जावें व नवें आंत यावें. पांचवा, आणि सर्वांत महत्त्वाचा : कोठार केव्हां उघडावयाचें हें सुकाळांतच लिहून ठेवावें. आषाढाच्या अमुक तिथीस, अथवा रस्ता इतके दिवस बंद राहिल्यास, कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहतां कुलूप निघावें. दुष्काळ जाहीर होण्यास महिने लागतात. भूक तितकें थांबत नाहीं.

६. पावतीचें बळ

पूर्वेकडील शेतकऱ्याची अडचण निराळी. त्याजपाशीं धान्य पिकतें. पण देणें भागविण्यासाठीं तो तें सुगींत स्वस्त विकतो, आणि उन्हाळ्यांत महाग विकत घेतो. यावर कायद्यानें साधन दिलें आहे. २००७ चा वखार कायदा २०१० पासून अमलांत असून, नोंदणी झालेल्या गोदामाची पावती हुंडीप्रमाणें एकाकडून दुसऱ्याकडे देतां येते व बँकेंत तारण ठेवितां येते. राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासूनची असून, बाजार समितीच्या गोदामांत ठेवलेल्या मालाच्या किंमतीवर कर्ज मिळण्याची तींत सोय आहे. माल शेतकऱ्याचाच राहतो, आणि घाईची विक्री टळते. अनेक शेतकरी या सोयीचा लाभ घेत नाहींत, कारण कागदास भितात. तो कागद समजावून देणें हेंही दानच आहे.

व्यापारी बंधु विचारतील कीं, आम्हीं माल ठेवला तर १९५५ च्या जीवनावश्यक वस्तु कायद्याखालीं साठेबाज ठरतों, आणि गांवानें ठेवला तर पुण्य. हा न्याय कसा? उत्तर असें कीं, भेद साठ्याच्या मापांत नसून तो उघडण्याच्या दिवसांत व अटींत आहे. टंचाई वाढली म्हणजे ज्या कोठाराचें कुलूप अधिक घट्ट होतें तें साठेबाजीचें. टंचाई वाढली म्हणजे जें उघडतें तें लोकसंग्रहाचें.

७. विनंति

तेव्हां कमिटीची नम्र प्रार्थना पुढीलप्रमाणें आहे. व्यापारी व आडते यांनीं सुगीच्या दिवसांत गोदामाचा एक कोपरा, तोलकांटा व चाळणी गरिबांच्या संग्रहास वापरूं द्यावी, आणि धान्य पारखण्याचें आपलें ज्ञान गांवच्या तरुणांस शिकवावें. बागाइतदारांनीं गांवांत उंचावरची, पुरापासून सुरक्षित अशी चार खणांची जागा रीतसर दस्तानें द्यावी. तोंडी दिलेली जागा पुढल्या पिढींत वादांत पडते. रोख देणगी देणाऱ्यांनीं, शक्य तर, ती वांटपासाठीं न देतां एका गांवच्या एका कोठीसाठीं व तींतील पहिल्या भरणीसाठीं द्यावी.

यंदां पाऊस बरा झाला म्हणून हें काम पुढें ढकलावें, असें कोणाच्या मनांत येईल. परंतु कोठी भरावयाची ती बऱ्या वर्षींच. वाईट वर्षीं ती फक्त उघडतां येते. येत्या कार्तिकांत नागली खळ्यांत येईल, त्यापूर्वीं जागा, कोठी व नियम सिद्ध असावे, एवढें मागणें आपणां सर्वांपुढें ठेवून हा लेख पुरा करितों.