आपल्या घराण्याचा माग कसा काढावा?

"तुमचे मूळ गाव कोणते?" असे वर्गात विचारले की निपाणीकडची मुले आजोबांचे गाव सांगतात. "आणि त्यापूर्वी?" असे विचारताच वर्ग गप्प होतो. आम्हां वडीलधाऱ्यांची स्थिती फारशी निराळी नाही.

आपल्या भागात माणसे दुरून आली हे खरे. बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशीद 1519 साली असद खान लारी यांनी बांधविली. लार हे इराणातील गाव होय. 1818 साली किल्ला इंग्रजांकडे गेला, छावणी वसली आणि पलटणींबरोबर शिपाई, खानसामे, भिस्ती यांची बिऱ्हाडे आली. पुढे तंबाखूच्या व्यापाराने कित्येकांना निपाणीस आणले. परंतु म्हणून प्रत्येक घराणे इराणी ठरत नाही. जमादार, नाईकवाडी, सनदी ही आडनावे चाकरीची. अत्तार, बागवान, तांबोळी ही धंद्याची.

आमच्या घरी सांगत, "आपण आदिलशाहीत इराणहून आलो, सात पिढ्या झाल्या." आम्ही साधे गणित मांडले. पिढीस 28 वर्षे धरली तर सात पिढ्यांची 196 वर्षे होतात. आदिलशाही 1686 साली बुडाली; त्यास सुमारे 340 वर्षे झाली, म्हणजे निदान बारा पिढ्या हव्यात. मग पाच नावे गेली कोठे? एक तर ती विसरली गेली, नाही तर कथाच मागाहून जोडली गेली. कागद सापडेपर्यंत दोन्ही शक्यता वहीत लिहून ठेवाव्यात.

शोध नेहमी आपल्यापासून मागे न्यावा. प्रथम शाळेचे जनरल रजिस्टर, जन्ममृत्यूच्या नोंदी, निकाहनामा आणि कबरीवरील लेख पाहावेत. नंतर जमिनीचे फेरफार पाहावेत. त्यांत वारसांची नावे सापडतात. घराण्यास इनाम असल्यास 1852 च्या कायद्यान्वये झालेल्या इनाम चौकशीचे कागद शोधावेत. हक्क सांगणाऱ्यांना तेथे वंशावळ द्यावी लागे. असे कागद बहुधा मोडीत असतात. त्यांवरील सुहूर सनात 599 किंवा 600 मिळविले की इसवी सन निघतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. म्हणून एकाच दप्तरावर विसंबू नये. बेळगावबरोबर पुणे, मुंबई, कोल्हापूर येथेही चौकशी करावी.

छावणीतील गोऱ्या शिपायाच्या मुलाचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत लिहिला जाई व तिची नक्कल लंडनला जाई. त्याचे पणतू आज ती तेथील ब्रिटिश लायब्ररीत पाहू शकतात. त्याच घरी स्वयंपाक करणाऱ्या आपल्या माणसाचे नाव त्या वहीत असण्याचे कारणच नव्हते. ते राहिले ते केवळ घरच्यांच्या तोंडी.

येथेच आमची चूक झाली. आमच्या शिजऱ्यात बाप आणि मुलगे आहेत, एकाही आईचे नाव नाही. ती नावे आमच्या आजीला पाठ होती. "सुट्टीत लिहून घेऊ," असे आम्ही दोन वर्षे म्हणत राहिलो. तिसऱ्या वर्षी सुट्टी आली, आजी राहिली नव्हती.

म्हणून सभासद बंधुभगिनींस विनंती, की ह्या महोत्सवी वर्षात दप्तरे धुंडाळण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे. कागद काही काळ वाट पाहतील. माणसे पाहणार नाहीत.