स्लाइड वाचू नका, आलेख समजावून सांगा

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर आहे. वरिष्ठांपुढे प्रेझेंटेशन देताना गडबडतो आणि स्लाइडच वाचत सुटतो. काय करावं?

उत्तर : स्लाइडवर सगळं लिहिलेलं असलं की माणूस वाचणारच. मजकूर कमी करा आणि निष्कर्ष पहिल्याच मिनिटात सांगा : ‘बेअरिंग तापतंय, कारण वंगण पोहोचत नाही.’ पुरावे नंतर. आलेख दाखवताना आधी अक्ष सांगा, ‘आडवे तास, उभं तापमान’. मग रेषा जिथे चढते तिथे बोट ठेवा आणि क्षणभर थांबा. हे थांबणं फार थोड्यांना जमतं, पण ऐकणाऱ्याला समजायला तेवढीच उसंत मिळते.

जमलं तर वस्तूच सोबत न्या. १९८६ साली चॅलेंजर अवकाशयानाच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच्या रॉकेटमधल्या सीलचं रबर बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवलं. थंडीत त्याची लवचिकता जाते, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं. तुम्ही खराब झालेलं बेअरिंग टेबलावर ठेवा.

सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करा. मनातल्या मनात केलेला सराव कामाचा नाही. सुरुवातीची दोन वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसेल तर ‘तपासून उद्या सांगतो’ म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी नक्की सांगा.